मुलांच्या खोलीची मोजणी

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर आई-वडिलांना मनातल्या मनात नमस्कार करून मी अण्णांचं नाव घेतो. ते माझ्या नात्यातले नव्हते की गावचे नव्हते. मोजणी खात्यात मी लागलो तेव्हा ते तिथं जुने होते, एवढंच. त्यांचं पूर्ण नाव पगारपत्रकावर असायचं. बाकी सगळीकडे ते अण्णाच होते. इथंही तसंच राहू दे.

अण्णा कुणाच्याही घरी गेले की उंबऱ्यावर थांबत. चपला काढत, एक हात चौकटीला लावत आणि आधी खोलीचे चारही कोपरे बघून घेत. घरातली माणसं "या, बसा" म्हणत राहायची आणि अण्णांची नजर अजून तिसऱ्या कोपऱ्यात असायची. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. निवृत्त कंडक्टर लग्नाच्या पंगतीत माणसं मोजतो, निवृत्त मास्तर हॉटेलच्या पाटीवरच्या चुका काढतो. अण्णांनी जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या होत्या, त्यामुळे ते कोपरे बघत. चौथा कोपरा झाला की माणसांकडे वळत आणि म्हणत, "दमलो बघा."

ती तक्रार नसायची. इतर लोक राम राम म्हणतात तसं ते "दमलो बघा" म्हणायचे.

माझी पहिली नेमणूक जतला झाली. घरात पदवी घेतलेला मी पहिलाच. वडील रहिमतपूरच्या बाजारात हमाली करायचे. मला नोकरी लागल्याचं कळल्यावर त्यांनी आमच्या गल्लीत पेढे वाटले होते. आणि नोकरीच्या पहिल्याच महिन्यात एका बांधावर दोन चुलतभावांनी मला मधे घेतलं. एकानं कॉलर धरली, दुसऱ्यानं हातातला नकाशा ओढला. मला बोलताच येईना. सातारच्या कॉलेजात शिकलेलं काहीच कामी आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग भरून मी जतच्या स्टँडवर जाऊन बसलो.

अण्णा शोधत आले. रागावले नाहीत. माझ्याशेजारी बाकावर बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या पाट्या वाचत राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "जायचं तर जावा, पदवीधर. मी अडवत न्हाई. पर आज तुमी दमलायसा. दमलेला माणूस चुकीच्या गाडीत बसतो. उद्या जावा."

दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. नंतरही नाही. अण्णांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही. त्यांनी मला आपल्या खोलीवर जेवायला नेलं, बांधावर कुणाशी कसं बोलायचं ते दाखवलं, अहवाल आधी कच्चा लिहून मग पक्का करायची सवय लावली आणि खात्याची परीक्षा द्यायला लावली. मला ते शेवटपर्यंत 'पदवीधर'च म्हणाले. सुरुवातीला त्यात थोडी चेष्टा होती. पुढं चेष्टा गेली आणि शब्द तेवढा राहिला.

बांधावर त्यांची एक पद्धत होती. मोजणी संपेपर्यंत कुणाच्याच घरचा चहा घ्यायचा नाही. फारच आग्रह झाला की हात आडवा करून "साकु, साकु" म्हणायचे. जतजवळच्या त्यांच्या गावाकडं निम्मं बोलणं कानडी, त्यातला हा 'पुरे' म्हणण्याचा शब्द. खुणा रोवून झाल्या की मात्र दोन्ही घरचा चहा प्यायचे, एकामागून एक, आणि दोन्हीकडे सारखीच साखर मागायचे. तुमच्या जतकडं वाटण्या कशा होतात हो, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "सोप्या. दगड तुजं, दगड माजं." जतच्या खडकाळ रानावरचा विनोद म्हणून लोक हसायचे. अण्णा हसायचे नाहीत.

निवृत्त झाल्यावर ते गावी परत जातील असं आम्हा सगळ्यांना वाटलं होतं. ते गेले नाहीत. बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन पुण्याला. सांगलीत एक खोली भाड्यानं घेऊन ते एकटे राहिले. तोवर माझीही बदली सांगलीला झाली होती आणि त्यांची खोली आमच्या मागच्याच गल्लीत होती. रविवारी सकाळी सायकलवरून यायचे, चौकटीला हात लावायचे, चार कोपरे, "दमलो बघा." माझी बायको सुरेखा आधण टाकायची.

आता मुलांचं सांगायला हवं, कारण अण्णांची शेवटची मोजणी मुलांच्या खोलीची होती.

सुरेखा मिरजेच्या एका दवाखान्यात नर्स आहे. आमचा धाकटा ओम दिवस भरायच्या आधीच जन्मला. एवढासा जीव, काचेच्या पेटीत. घरी आणल्यावरही सारखा आजारी. सुरेखाच्या पाळ्या, माझी फिरती आणि घरात पाच वर्षांची मुक्ता. माझी आई म्हणाली, "चार महिनं ऱ्हाऊ दे माज्याजवळ," आणि मुक्ताला रहिमतपूरला घेऊन गेली. चार महिन्यांचं वर्ष झालं. मग तिथली शाळा सुरू झाली, मैत्रिणी झाल्या, आणि दर वेळी आम्हीच म्हणालो की आता वर्षाच्या मधे कुठं हलवायचं. महिन्यातून एकदा रेल्वेनं जायचो, खाऊ न्यायचो, संध्याकाळच्या गाडीनं परत यायचो. पुढं आईचे गुडघे गेले आणि तिला कुणाची उस्तवार होईना, तेव्हा मुक्ता परत आली. नऊ वर्षांची होऊन. ओम चार वर्षांचा होता.

ती आल्यावर पहिले काही दिवस आम्ही सगळ्यांना कौतुकानं सांगत होतो, किती शहाणी पोर आहे. जेवताना पुन्हा वाढून मागायची नाही. ओमनं हातातला खडू ओढला तर सोडून द्यायची. आपली ताटली घासून ठेवायची. पाणी प्यायच्या आधी सुरेखाला विचारायची, "पाणी घेऊ?"

एका संध्याकाळी सुरेखा पाळीवरून आली आणि चप्पलसुद्धा न काढता खुर्चीवर बसून राहिली. मला म्हणाली, "अहो, तुमच्या लक्षात येतंय का? ती पाहुणीसारखी राहते. आपलीच मुलगी आपल्याच घरात पाहुणी आहे."

माझ्या लक्षात आलं होतं. मला ते कुणी बोलून दाखवायला नको होतं, एवढंच. ओमनं तर आधीच विचारलं होतं, "ही रहिमतपूरची ताई कधी जाणार?" त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. घरी येणारी माणसं जातात, हे त्याला ठाऊक होतं.

आमच्या घरात खोल्या दोनच, त्यातली आतली ओमची. म्हणजे ओमची कॉट, त्याची खेळणी, आमच्या ट्रंका आणि गव्हाची कोठी. ती रिकामी करून दोघांची खोली करायची असं मी ठरवलं. तिला जागा मिळाली की तिचं घर होईल, असा माझा साधा हिशेब. मी मोबाईलवर व्हिडिओ बघायला लागलो. भावंडांची खोली घरच्या घरी कशी सजवावी, जुन्या वस्तूंतून काय काय करावं. त्यातल्या खोल्या पांढऱ्याशुभ्र, गाद्यांवर एक सुरकुती नाही. सुरेखानं एकदा माझ्या खांद्यावरून डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "त्या खोलीत मुलं राहत नसणार. नुसते फोटो राहत असतील."

अण्णांना मी हे सांगितलं तेव्हा ते खुश झाले. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणी त्यांना कामाला बोलावत होतं.

मग आमचे रविवार त्या खोलीत जायला लागले. मी आठवडाभर ऊन खाऊन आलेलो, सुरेखा पाळीनं पेंगुळलेली, अण्णा सत्तरीकडे झुकलेले. कुणात फारसा जीव नव्हता, पण हात चालू होते. आंब्याच्या रिकाम्या पेट्या आणल्या, पॉलिश पेपरनं घासल्या आणि भिंतीला ठोकून पुस्तकांचं कपाट केलं. आईची भाकरीची जुनी दुरडी उलटी टांगली आणि आत दिवा सोडला. छतावर तिच्या विणीची जाळी पडायची. सुरेखाच्या साडीचा पडदा केला. पडद्याला दांडी हवी म्हणून अण्णांनी बांबू आणला आणि त्यावर तांबडे-पांढरे पट्टे रंगवले, शेतात निशाणीला उभी करतात त्या काठीसारखे. लग्नपत्रिका आमच्याकडे ढिगानं साठलेल्या. त्यातल्या चकचकीत बघून मुक्तानं चांदण्या कापल्या. तिला सांगितलेलं प्रत्येक काम ती करायची. न सांगितलेलं एकही करायची नाही.

पण रंगाचा डबा उघडायच्या आधी आम्ही जे केलं ते ऐका. अण्णांनी खिशातून फीत काढली, एक टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "धरा." आम्ही खोली मोजली. लांबी, रुंदी, मधला बिंदू. निळीत बुडवलेला दोरा ताणून फरशीवर रेघ मारली. अण्णा म्हणाले, "निम्मी-निम्मी. कुणावर अन्याय नको." मला ते पटलं. पटणारच, मी तेच काम करून पोट भरतो. खिडकी ओमच्या भागात येत होती, म्हणून भिंतीतलं कपाट मुक्ताच्या भागात धरलं. दार तिच्याकडे, म्हणून दिव्याचं बटण त्याच्याकडे. एक भिंत पिवळी, एक हिरवी. निळीची रेघ पुसेल म्हणून तिच्यावर तांबडी चिकटपट्टी लावली.

सुरेखा चहा घेऊन आली, दारातच थांबली. "दोन मोजणीवाले एकत्र आले आणि पोरांच्या खोलीत हद्द घातली," ती म्हणाली. "आता नोटीस काढायची तेवढी राहिली."

आम्ही दोघं हसलो. काम सुबक झालं होतं.

पुढच्या रविवारी अण्णा आले तेव्हा दोन्ही मुलं त्यांच्यासाठी बिस्किटं घेऊन धावली. त्यांनी रिवाजाप्रमाणे दोघांचंही एकेक घेतलं आणि खोलीत जाऊन मुक्तासाठी आणलेल्या नव्या कॉटवर बसले. म्हणाले, "मुक्ते, खाली माजी सायकल हाय का बघ बरं. कुलूप लावलं न्हाई."

मुक्ता उठली, खिडकीकडे निघाली आणि तांबड्या पट्टीपाशी थांबली. बोटं पट्टीच्या अलीकडे नीट जुळवून उभी राहिली. ओमला म्हणाली, "येऊ का?"

ओम खेळण्यातून मान वर न करता म्हणाला, "ये. पण लगेच जा. माझी हद्द आहे."

ती गेली, वाकून बघितलं, "हाय," म्हणाली आणि लगेच आपल्या बाजूला परत आली.

अण्णांनी उरलेलं अर्धं बिस्किट बशीत ठेवलं. काही वेळ ते त्या पट्टीकडे बघत बसले. मग कॉटवरून खाली उतरून, गुडघ्यावर हात देत जमिनीवर बसले आणि नखानं पट्टीचं टोक उचकटायला लागले. मी मदतीला वाकलो तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. माजी चूक हाय, मी काढतो." सगळी पट्टी निघायला बराच वेळ लागला. नंतर ओल्या फडक्यानं त्यांनी निळीचा डागही पुसला.

मग त्यांनी दोन्ही मुलांना समोर बसवलं. आमच्याकडे शेताच्या वाटणीची एक जुनी रीत आहे. थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. धाकट्याला आधी निवडायला मिळतं म्हणून थोरला वाकडा वाटा पाडत नाही. अण्णांनी ती रीत मुलांना समजेल अशी सांगितली आणि मुक्ताच्या हातात खडू दिला. आता फीत नको, तुझ्या मनानं वाटे पाड, म्हणाले. मी आणि सुरेखा दारात उभे होतो. मला वाटलं, पोरगी आता हक्कानं खिडकी मागेल, निदान खिडकीचा अर्धा भाग तरी.

मुक्तानं खोलीभर एकदा बघितलं. दाराजवळच्या कोपऱ्यात गेली आणि खडूनं एक लहानसा चौकोन काढला. रहिमतपूरहून आणलेली तिची बॅग कॉटखालून ओढून आणली, त्यात ठेवली. बॅगेवर आजीनं शिवलेली वाकळ ठेवली. जुन्या लुगड्यांच्या त्या गोधडीला तिनं आल्यापासून कुणाला हात लावू दिला नव्हता. मग ती उभी राहिली आणि खडूनं दाखवलं. "ह्यो येक वाटा. आन् ऱ्हायल्यालं समदं ह्यो दुसरा."

राहिलेलं समदं म्हणजे दोन्ही कॉट, खिडकी, पेट्यांचं कपाट, दिवा, चांदण्या. सगळी खोली.

अण्णा म्हणाले, "अगं, ह्यो लय बारका झाला की."

"असू दे," मुक्ता म्हणाली. "मला दारापाशीच बरं हाय. जायाला सोपं."

सुरेखानं माझ्या शर्टाची बाही धरली होती, ती तशीच धरून राहिली.

रीत अर्धी सोडता येत नाही. अण्णा ओमला म्हणाले, "उचल बाबा तुजा."

ओम उठला. खिडकीपाशी गेला, गजाला हात लावला. पेट्यांच्या कपाटापाशी गेला. आपल्या कॉटवर चढून उतरला. आम्हाला माहीत होतं तो काय घेणार, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. मग तो चालत परत आला आणि दारापाशीच्या चौकोनात, वाकळेवर जाऊन बसला. "मला हा."

"आरं, तितं काय हाय?" अण्णांनी विचारलं.

"इथं ताई बसणार आहे."

"येड्या," मुक्ता म्हणाली, "तू ह्यो घेतलास तर मला त्यो घ्यायला लागंल."

ओम उठला. "मग मला तो."

"मग मी हितं."

तो पुन्हा खाली बसला. "मग मला हा."

मुक्तानं आमच्याकडे बघितलं. असं गणित तिला शाळेत कुणी घातलं नव्हतं. अण्णा भिंतीकडे तोंड करून उभे होते. थोड्या वेळानं तसेच पाठमोरे म्हणाले, "पदवीधर, ह्याचा अहवाल कसा लिवायचा वं?"

त्या दुपारी आम्ही खोली पुन्हा लावली. दोन्ही कॉट जोडून खिडकीखाली सारल्या, हिरव्या भिंतीवर पिवळा हात मारला. मुलं मधे मधे करत होती. काम संपल्यावर अण्णा मागच्या गॅलरीत कुंचले धूत बसले आणि मी पाणी ओतत होतो. तेव्हा ते त्यांच्या घराबद्दल पहिल्यांदा आणि एकदाच बोलले.

"आमच्या घराची वाटणी मीच केली," ते म्हणाले. "धाकटा म्हणत हुता, अण्णा, रीतीनं करू. तू वाटं पाड, मी उचलतो. मी म्हणलं, रीत कशाला, मला फीत येती की. लावली फीत. इंचाचा फरक न्हाई बघा. त्यो काय बोलला न्हाई. मधी भिंत घातली. तवापासून मी माज्या दारानं, त्यो त्येच्या दारानं. आई गेली तवाबी तसंच." कुंचल्यातून अजून पिवळं पाणी येत होतं. ते पिळत राहिले. "हिशेब बरोबर हुता. बोलणं तेवढं बंद झालं."

मी पाणी ओतत राहिलो.

तुम्हाला वाटेल, मुलांचं ते बघितल्यावर आमचा प्रश्न सुटला. तसं झालं नाही. ओम ताईला चिकटला हे खरं. तिच्यामागे फिरायला लागला, तिच्या ताटातला घास मागायला लागला. पण मुक्ता तशीच राहिली. शहाणी, हळू बोलणारी, सगळं सोडून देणारी. ती त्याला खेळवायची ते शेजाऱ्याच्या मुलाला खेळवावं तसं. बॅग कॉटखाली परत गेली, पण रिकामी झाली नाही. कपडे त्यातूनच काढायची, धुतलेले त्यातच ठेवायची. कपाटातला तिचा कप्पा मोकळा. सुरेखा रोज तो कप्पा पुसायची. आम्ही दोघंही त्या काळात फार थकलेले असायचो आणि तो थकवा कामाचा नव्हता.

काही आठवड्यांनी अण्णांनी खोली सोडली. गावी जातो म्हणाले. कारण विचारलं तर म्हणाले, "दमलो बघा." त्या दिवशी ते राम राम म्हटल्यासारखं वाटलं नाही. सामान फारसं नव्हतंच. मी त्यांना जतच्या गाडीत बसवायला गेलो. एकाएकी त्यांनी विचारलं, "पोरीनं बॅग सोडली का?"

"नाही अजून."

"सोडली की कळवा. फोनवर मला आता ऐकू येत न्हाई. लिवा."

गाडी सुटली. जाताना त्यांनी हात केला नाही. ते पुढं, ड्रायव्हरच्या काचेतून रस्त्याकडे बघत होते.

उन्हाळा गेला, पावसाळा आला. कळवण्यासारखं काही नव्हतं. मग एक दिवस तसं काही घडलं, तेव्हा मी बसून पत्र लिहिलं. कॉलेज सुटल्यापासून कुणाला पत्र लिहिलं नव्हतं. त्याचं उत्तर आलं नाही.

त्याच वर्षी थंडीत अण्णा गेले. त्यांच्या बाराव्याला मी गेलो. घराच्या मधोमध ती भिंत होती, दोन्ही बाजूंना दोन दारं. मांडव मात्र दोन्ही दारांसमोर एकच घातला होता. त्यांच्या धाकट्या भावाचा मुलगा मला हात धुवायला पाणी देताना म्हणाला, "सांगलीचं सायेब तुमीच न्हवं? तुमचं पत्र आलं त्या दिवशी थोरलं काका आमच्या दारात आलं. मला कळतंय तसं पयल्यांदाच. बाबांना म्हणालं, ऐक. आन् उंबऱ्यावर बसून समदं मोठ्यानं वाचलं. बाबांनी परत वाचाय लावलं."

त्या पत्राचा कच्चा कागद माझ्याकडे राहिला आहे. तोच इथं उतरवतो.

तीर्थस्वरूप अण्णा यांस,

शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र लिहायला उशीर झाला, रागावू नये. आपण विचारलं होतं त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. बॅग अजूनही पूर्ण रिकामी झालेली नाही, पण काल जे झालं ते कळवतो.

मी काल मोजणीवरून घरी आलो तो जिन्यातच आरडाओरडा ऐकू आला. आधी वाटलं दुसऱ्याच कुणाच्या घरात आहे. ओमनं मुक्ताच्या निबंधाच्या वहीत पानभर ट्रॅक्टर काढला होता. तिनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. त्यानं तिची वेणी ओढली. तिनं त्याची गाडी खिडकीतून खाली टाकली, ती मला नंतर अंगणात मिळाली, चाक निघालं आहे. मी धावत वर गेलो तर सुरेखा दाराबाहेर उभी. दवाखान्यातून नुकतीच आलेली, खांद्यावर पर्स तशीच. मी आत जायला लागलो तर तिनं माझा हात धरला. म्हणाली, "जाऊ नका."

आतून मुक्ता ओरडत होती. तिचा एवढा मोठा आवाज आहे हे मला माहीत नव्हतं. "माज्या खोलीतनं भायेर हो," म्हणत होती. "माज्या आईला सांगीन." ओम रडत म्हणाला, "माझी आई आहे." ती म्हणाली, "आदी माजी हाय. तू मागनं आलास."

अण्णा, सुरेखा तिथंच जिन्याच्या पायरीवर बसली. मीही बसलो. आम्ही दोघंही दिवसभराचे दमलेलो होतो आणि आत पोरं एकमेकांना वाट्टेल ते बोलत होती. आपण आयुष्यभर इतकी भांडणं ऐकलीत, त्यात हेही एक कानावर पडावं म्हणून सविस्तर लिहिलं आहे.

आवाज ऐकून खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. काय झालं, कुणाला लागलं का, म्हणून विचारायला लागल्या. सुरेखानं पदरानं डोळे पुसले आणि त्यांना म्हणाली, "काही नाही हो. आमची मुलं भांडतायत."